वांग्याचा धूर आणि मटणाचा बोभाटा

आमच्या ह्यांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला, त्यानंतर आमच्या घरी भेटायला आलेल्या प्रत्येक माणसाला हृदयाबद्दल डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. कुणी म्हणालं कच्चा लसूण सुरू करा, कुणी म्हणालं लसूण ताबडतोब बंद करा. एका चुलत दिरांनी अर्जुनाच्या सालीचं गाठोडं आणून टाकलं आणि सांगितलं, की ह्याचा काढा घेतला असता तर दवाखान्याची पायरीच चढावी लागली नसती. ते गाठोडं जिन्याखाली आहे. शेजारच्या मांजरीनं त्यावर पिल्लं घातली आणि ती सगळी ठणठणीत आहेत, तेव्हा औषधात गुण असावा.

सगळ्यांचं एकमत मात्र एकाच गोष्टीवर होतं. मटण बंद. हे सांगताना माणसं आवाज खाली आणायची, खांद्यावर हात ठेवायची, एकानं तर डोळे पुसले. आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यात एखाद्याची नोकरी गेली तर लोक धीर देतात, मटण गेलं म्हटल्यावर काय बोलावं कुणालाच सुचत नाही. डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा घालून माणूस जिवंत घरी पाठवलाय, ह्याचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. साखर कारखान्यात आयुष्य गेलं, निवृत्त होऊन घरी बसले, आणि लग्न झाल्यापासून एकच काम नेमानं केलं, ते म्हणजे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं. आमटीला उकळी कमी, भाकरीला पापुद्रा नाही, भाताला चटका लागलाय. मी नवी नवरी होते तेव्हा रडायचे. मग मुलगा झाल्यावर रडायला वेळ मिळेना, म्हणून उलट बोलायला शिकले. त्यानंतर आमचं उत्तम जमलं. ह्यांनी म्हणायचं, रस्सा पाणचट झालाय, आणि मी म्हणायचं, बाहेर बादली आहे, तिच्यात ओता आणि तुमच्या आईला बोलवा करायला. सासूबाई ह्यावर हसायच्या. असा आमचा संसार सुखाचा होता.

दवाखान्यातून आल्यावर पहिल्या दिवशी मी उकडलेला दुधी वाढला. वर मिरपूड, मीठ असून नसल्यासारखं. ताट ठेवलं आणि बाजूला होऊन उभी राहिले, कारण हे ताट भिंतीवर जाणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. ह्यांनी दोन घास खाल्ले, पाणी प्याले आणि म्हणाले, "चांगलं झालंय."

मला दरदरून घाम फुटला. दुधी वाईटच झाला होता. मी चाखला होता.

त्यानंतर रोज तेच. दोडका, चांगलं झालंय. ज्वारीच्या कण्यांची पेज, चांगलं झालंय. दोन-तीन घास, पाणी, आणि उठून गॅलरीतल्या खुर्चीत. समोरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जायचे, त्यांच्याकडे बघत बसायचे. पूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरच्या उसाला नावं ठेवली असती. आता तेही नाही. पँट कमरेला राहीना, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग आणखी एक. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, भरपूर जेवा. फी घेतली. मला सरळ सांगायचं तर भीती वाटत होती. दवाखान्यातून वाचवून आणलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या ताटावर बसून वाळत चालला होता आणि मला त्याचं काही करता येत नव्हतं.

माझं निदान सोपं होतं. मटण सुटलं म्हणून माणूस खचला. आणि मटणापेक्षाही, रस्सा मंडळ सुटलं म्हणून.

हे रस्सा मंडळ म्हणजे ह्यांच्या लहानपणापासूनच्या मित्रांची टोळी. महिन्यातून कधीतरी, पुढे पुढे आठवड्यातून कधीही, ही मंडळी कुणाच्या तरी मळ्यात जमतात, वर्गणी काढतात, मटण आणतात आणि स्वतः रांधतात. घरी पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो असले हे पुरुष मळ्यात गेले की कांदा चिरतात, खोबरं भाजतात, भांडी घासतात. प्रत्येकाला काम ठरलेलं. चुलीचा जाळ आमच्या ह्यांच्याकडे. ते मागे-पुढे लाकूड सारणार आणि बाकीचे, एखादं मोठं ऑपरेशन चाललंय अशा चेहऱ्यानं भोवती उभे राहणार. ही मंडळी दवाखान्यात एकदा येऊन गेली, कोपऱ्यात उभी राहिली, सफरचंदं ठेवली आणि गेली. त्यानंतर एकही फिरकला नाही. मी मनातल्या मनात त्यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ह्या अवस्थेत आमच्या चिरंजीवांनी मदतीचा हात पुढे केला. चिरंजीव बंगळूरला असतात आणि आईवडिलांची काळजी कुरियरनं पाठवतात. आधी रक्तदाब मोजायचं यंत्र आलं, मग पावलं मोजणारं घड्याळ आलं. ह्या खेपेला मोठं खोकं आलं आणि पाठोपाठ फोन.

"आई, ग्रिल आहे. गच्चीवर ठेव. ताज्या भाज्या ग्रिल करून द्यायच्या बाबांना. तेल कमी, टेस्ट भारी. मी व्हिडिओ पाठवलाय."

"म्हणजे भाज्या भाजायच्या?"

"भाजायच्या नाही आई, ग्रिल करायच्या."

माझं माहेर शिरोळचं. तिथं चुलीच्या निखाऱ्यात वांगं भाजायचं, कणसं भाजायची, रताळी राखेत पुरायची, ओल्या हरभऱ्याचे डहाळे रानातच पेटवून काळ्या हातांनी खायचे. हे सगळं आम्ही पिढ्यान् पिढ्या अडाणीपणानं करत होतो. लेकराला महागड्या कॉलेजात घातलं तेव्हा कुठे त्याला इंग्रजी नाव आहे हे मला कळलं.

व्हिडिओ बघितला. एक गोरीपान बाई, तिच्यामागं हिरवळ, आणि समोर मातीचं तोंडही न बघितलेल्या भाज्या. ती त्यांच्यावर ब्रशनं तेल लावत होती, इतक्या हळुवार हातानं मी माझ्या बाळाला तेल लावलं नव्हतं. त्यात झुकिनी नावाची भाजी होती. मी मंडईत जाऊन विचारली. भाजीवालीनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तसलं काय न्हाय बघा. दोडका न्या की. त्योबी लांबडाच असतोय."

मी दोडका घेतला. ढबू मिरची घेतली, कांदे घेतले, आणि हिरव्या फ्लॉवरसारखी दिसणारी ती महाग भाजीही घेतली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. तो पेटेना. रॉकेल आता कुठे मिळतं, म्हणून देवघरातला कापूर घातला. गच्चीभर आरतीचा वास सुटला आणि खालून जाणारा एक म्हातारा चप्पल काढून हात जोडून पुढे गेला.

दोडका गजांच्या फटीतून खाली पडला आणि कोळशात जळून गेला. ढबू मिरची बाहेरून काळी आणि आतून जशी झाडावरून उतरवली तशी. फ्लॉवरच्या बहिणीनं पेट घेतला. कारण माझंच. चुलीपुढे वाढलेली मी, कोळसा धगधगतोय तोवरच भाज्या टाकून मोकळी झाले होते, का तर व्हिडिओतल्या बाईच्या ग्रिलमध्ये ज्वाळा छान दिसत होत्या. जे वाचलं ते ताटात घालून ह्यांच्यापुढं ठेवलं. मनात म्हटलं, आता तरी काहीतरी बोला. कोळसा खायला घालतेस का, असं म्हणा. मला मारायला निघालीस का, असं म्हणा.

"चांगलं झालंय," हे म्हणाले आणि उठले.

मी गच्चीवर जाऊन ग्रिलला लाथ मारली. पाय माझाच दुखावला.

थोड्याच दिवसांत माझ्या भावानं शिरोळहून वांगी पाठवली. कृष्णाकाठची वांगी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी खाल्लीत त्यांना सांगायची गरज नाही. मी ठरवलं, आता व्हिडिओ नको, ब्रश नको, चिरंजीव नको. वांग्यांच्या उभ्या दोन-दोन फाका करून घेतल्या, देठ ठेवला, सुरीनं आडव्या-उभ्या चिरा पाडल्या. तीळ, सुकं खोबरं, धणे भाजून कुटले, त्यात घरची चटणी घातली. आम्ही कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतो, आणि ती प्रत्येक घरी वर्षाची करून ठेवलेली असते. थोडं शेंगतेल, थोडं मीठ. सगळं चिरांतून आत दाबलं. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत हलले नाही. ह्यांना हाताला धरून गच्चीवर आणलं, शाल दिली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मग फाका गजांवर ठेवल्या, वर झाकण घातलं आणि त्यांना हात लावायचा मोह आवरून बसले.

संध्याकाळ होती. वारा पडला होता. चटणीचा आणि भाजक्या खोबऱ्याचा धूर झाकणाच्या कडेनं निघाला आणि शांतपणे सगळ्या गल्लीवर पसरला. त्यात वार बुधवार, म्हणजे आमच्याकडं मटणाचा वार. आता कोल्हापुरात बुधवारी संध्याकाळी कोळशावर चटणी-खोबऱ्याचा वास आला, तर त्याचा अर्थ एकच. त्यात वांगं असू शकतं हे इथं जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात येणं शक्य नाही.

पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी खिडक्या लावल्या. त्या जैन आहेत. अशा वासाला त्या बारा महिने मुकाट्यानं खिडक्या लावत आल्यात, त्याचं काही नाही. पण ह्या वेळी त्यांनी एक खिडकी पुन्हा उघडली आणि तोंड बाहेर काढलं. मी ह्यांच्याजवळ दवाखान्यात होते तेव्हा ह्याच काकूंनी रोज फुलक्यांचा डबा पाठवला होता.

"अगं, त्यांना आत्ता कुठं बरं वाटालंय. थोडे दिवस तरी थांबायचं हुतं की," त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आधीच घरात गेल्या.

मला वाटलं, उद्या सांगू. पण काकूंना उद्यापर्यंत दम नव्हता. त्यांनी काकांना सांगितलं, काका किटली घेऊन डेअरीवर दूध आणायला निघाले होते. डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं रांगेत उभी असतात आणि रांगेत उभ्या माणसाला बातमीशिवाय दुसरं काय हवं असतं. माझी पहिली खेप उतरून दुसरी गजांवर चढली, तोवर बावड्यात पक्कं झालं होतं, की अमक्याची बायको अ‍ॅटॅक आलेल्या नवऱ्याला गच्चीवर नेऊन मटण भाजून घालालीय.

खाली गाडी थांबली. जिन्यावर पावलं वाजली आणि रस्सा मंडळ गच्चीवर आलं. तिघंच होते पण गच्ची भरली. पुढं होता तो ह्यांचा सगळ्यात जुना मित्र, अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. अ‍ॅटॅक आला त्या दिवशी ह्यांना दवाखान्यात नेलं ते त्याच्याच गाडीतून.

"वैनी, ह्ये काय चाललंय?"

"वांगी भाजायला लागलोय."

"पार कोपऱ्यावर सुक्या मटणाचा वास मारालाय आन तुमी वांगी म्हंतायसा? झाकण काढा."

मी झाकण काढलं. तिघं वाकले. एकानं चिमटा घेऊन वांग्याची फाक उलटी करून खाली बघितलं. वांग्याखाली मटण लपवण्याइतकी मी हुशार आहे, असं निदान एका माणसाला वाटलं, हे मला मनातून आवडलं. तिसऱ्यानं वास घेतला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला स्पष्ट दिसलं.

"वांगीच हाईत," चिमटेवाला म्हणाला. त्याची थोडी निराशा झाली होती.

मग मात्र माझा तोल सुटला. इतके महिने जे मनात म्हणत होते ते सगळं त्या गच्चीवर, शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात बाहेर आलं. माणूस घरात वाळून चाललाय तेव्हा कुठं होता? एकाला तरी पायरी चढावीशी वाटली का? आणि आज मटणाचा वास आल्याबरोबर तिघं धावत आलासा, लाजा कशा वाटत नाहीत?

आडवा माणूस आपल्या चपलांकडं बघत राहिला.

"कुठल्या तोंडानं येणार वैनी? ह्यो इचारणार, परवा रस्सा कसा झालता. काय सांगायचं आमी?"

"बिघडला म्हणून सांगायचं."

"बिघडला नव्हता की," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नाही.

ह्यांच्याकडं वळून तो म्हणाला, "आन तू रं? मटणापायी जीव टाकालाईस व्हय? काडी झालाईस मर्दा. वैनी एवढं करून घालत्यात तर खाईत का न्हाईस?"

हे खुर्चीत बसले होते. हातातल्या ताटलीत पहिल्या खेपेची फाक होती. दोन घास खाल्लेली. मला वाटलं आता म्हणतील, चांगलं झालंय. तेवढं ऐकायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

"मटण कुणाला पायजे," हे म्हणाले. "खायाचंच भ्या वाटतंय."

त्यांनी ताटली मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी जेवून उठलो आन छातीत आलं. पोटभर जेवलोतो. आता घास गिळला की सगळं ध्यान छातीकडं जातंय. दुधी असू दे, वांगं असू दे. तिसऱ्या घासाला वाटतंय, आलं आता. म्हणून उठतोय. पोटात भूक असतीय, तरी उठतोय."

हे त्यांनी खाली बघून, ताटलीला सांगितल्यासारखं सांगितलं. कारखान्याच्या गेटवर उभं राहून साहेबाशी भांडलेला माणूस. आमच्यात पुरुषानं भीती वाटते म्हणायची पद्धत नाही, आणि मित्रांसमोर तर नाहीच. मी इतके महिने मीठ, तेल, चटणी, भाज्या, व्हिडिओ, सगळ्यांत कारण शोधत होते.

"मलापण वाटतंय," मी म्हणाले. "तुमी घास तोंडात घातला की मी ताटाकडं बघतच नाही. तुमच्या छातीकडं बघत उभी असते."

"म्हाईत हाय मला," हे म्हणाले. "त्यानं तर जास्तच भ्या वाटतंय."

मग मी रडले. मित्रमंडळींनी आपापली तोंडं वेगवेगळ्या दिशांना वळवली आणि आभाळात काहीतरी बघत उभी राहिली. गजांवरच्या फाका करपायला लागल्या, त्या चिमटेवाल्यानं न सांगता बाजूला ओढल्या. तिसऱ्यानं निखारे सारखे केले.

आडव्या माणसानं खिशातून किल्ली काढून तिसऱ्याच्या हातात दिली.

"जा. गाडी फिरव. दवाखान्याच्या रस्त्याकडं तोंड करून लाव. बंद करू नकोस, चालूच ठेव."

"डिझेल जळंल की लेका फुकट," हे म्हणाले.

"जळू दे. तू खा."

रंगाचा एक रिकामा डबा कोपऱ्यात होता, तो पालथा घालून तो ह्यांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. मला म्हणाला, वैनी, तुमी तिकडं तोंड करा, ह्याच्याकडं बघू नका, आता आमी बघतोय. मी पाठ फिरवली. खाली इंजिन घरघरायला लागलं. मला फक्त आवाज येत होता. ताटलीवर चमचा घासल्याचा, चावल्याचा, गिळल्याचा. मग थांबलं. बऱ्याच वेळानं चमचा पुन्हा वाजला. मग पुन्हा.

"अजून एक फाक दे," हे मला म्हणाले. मी वळले. ताटलीत देठ तेवढा उरला होता. मी फाक वाढली, आणि त्यांनी ती खाऊन संपवली तरी खाली गाडी चालूच होती.